तलवार उगारताना खांदा कुठे जातो?

रात्री प्रयोगाच्या नोंदी संपल्या की मी योद्धे काढते. काल्पनिकच: पिळदार दंड, सिक्स पॅक, डोक्यावर उगारलेली तलवार. नेट-सेट आणि पेटची तयारी करणाऱ्यांना हे कशाला सांगतेस, असं तुम्ही म्हणाल. थोडं थांबा. आज दोन नामवंत चित्रकारांचं काम आणि माझं एक फसलेलं चित्र शेजारी ठेवून बघू.

फसलेलं आधी. शरीरशास्त्राच्या पुस्तकातला एकही स्नायू मी सोडला नव्हता. प्रत्येकाला कडा, प्रत्येकाला छाया. पणदऱ्याला घरी गेल्यावर धाकट्या भावाला दाखवलं. तो म्हणाला, "ताई, ह्याचा हात नंतर चिकटवलाय का?"

राग आला, पण त्याचं बरोबर होतं. एक तर बायसेप्स आणि ट्रायसेप्स मी सारखेच फुगवले होते. कोपर वाकवताना बायसेप्स आखडतो तेव्हा ट्रायसेप्स बराचसा सैल पडतो. दोन्ही एकदम पूर्ण जोरात आखडले तर कोपर जागेवर जखडतं. माझा योद्धा वार करणार नव्हता, नुसता थरथरला असता. लिओनार्दो दा विंचीनं ५०० वर्षांपूर्वीच अशा चित्रकारांची टर उडवली आहे. असली शरीरं त्याला अक्रोड भरलेल्या पोत्यासारखी दिसायची.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. हात खाली असतानाचा खांदा मी तसाच ठेवला आणि फक्त दंड वर फिरवला. हात पूर्ण वर, म्हणजे १८० अंशांपर्यंत जातो, तेव्हा ढोबळमानानं १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि उरलेले ६० स्कॅप्युला, म्हणजे पाठीवरचं पसरट हाड, फिरल्यामुळे. इनमन आणि सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये हे मांडलं. मला हे पाठ होतं, परीक्षेत लिहून गुणही घेतले होते. पण ते ६० अंश मी कुणाच्या पाठीवर कधी बघितलेच नव्हते.

आमच्याकडे अशी पाठ शोधायला लांब जावं लागत नाही. हंगामात ऊसतोड चालू असेल त्या फडाच्या कडेला उभं राहायचं. उसाची मोळी डोक्यावर घेऊन माणसं गाडीला लावलेल्या फळीवरून वर चढतात, बायकाही. हात वर, मोळीला धरलेले. मागून बघितलं की स्कॅप्युलाचं खालचं टोक काखेकडे सरकलेलं कळतं, खांदे कानाशी आलेले, मान जवळपास गायब. फुगलेला बायसेप्स वगैरे काही नाही. कष्टणाऱ्या माणसांकडे असं निरखून बघताना अवघडल्यासारखं होतं, म्हणून फोटो काढले नाहीत. बघायचं आणि घरी येऊन आठवेल तसं काढायचं. अर्धं आठवायचं नाही. मग दुसऱ्या दिवशी तेवढंच बघायचं.

ही नजर घेऊन मी फ्रँक फ्रझेटाच्या कोनानकडे परत गेले. 'कोनान द अ‍ॅडव्हेंचरर' या पुस्तकाचं १९६६ चं मुखपृष्ठ. हौशी चित्रकार हेच गिरवतात, मीही गिरवलंय. पण माझ्या आठवणीत होते तितके स्नायू त्यात नाहीतच! शरीराचा बराच भाग काळोखात बुडालाय, पाय ढिगाऱ्यात विरघळतात. वजन कुठे पडलंय ते मात्र नेमकं कळतं. उरलेले स्नायू बघणारा स्वतः भरतो. हे दिसलं आणि मला माझ्या साहित्य आढाव्याचा पहिला मसुदा आठवला. वाचलेला प्रत्येक पेपर त्यात होता, प्रत्येकाला सारख्याच दोन ओळी. मार्गदर्शकांनी समासात विचारलं होतं, "यातल्या कोणत्या पेपरवर तुमचा प्रश्न उभा आहे?"

प्रताप मुळीकांना काळोखाची चैन नव्हती. 'अमर चित्र कथा' असो की राज कॉमिक्सचा 'नागराज', स्वस्त छपाई आणि सपाट रंग. सगळा भार काळ्या रेषेवर. नागराजच्या अंगावरचे खवले मला फार हुशारीचे वाटतात: दंडाभोवती वळणाऱ्या त्यांच्या ओळीच गोलाई सांगतात, वेगळी छाया लागत नाही. माझी तक्रार एकच. नागराज नुसता उभा राहून बोलत असला तरी त्याचं पोट लढाईत असल्यासारखं ताणलेलं असतं. वाचणाऱ्या पोरांना तेच हवं होतं, मान्य. पण शिकणाऱ्यानं मुळीकांकडून खवले घ्यावेत, पोट नको. खरी ताकद तशी दिसेलच असंही नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ जिंकलं ते बँटमवेट गटात, ५७ किलोच्या आत.

सध्याच्या चित्रात माझी योद्धा बाई आहे. तलवार काढून तिच्या डोक्यावर मोळी दिलीय. स्कॅप्युला आणि पायांवरचं वजन एवढंच काढलंय, दंड अजून कोरे आहेत. भाऊ म्हणतो, ही फळीवरून पडणार. डावा पाय पुन्हा काढतेय.