दोन त्रिकुटांतला सेनापती
वालाकियाचे सरदार दिनिकू गोलेस्कू यांच्या १८२६च्या प्रवासवर्णनात मला सर्वांत जिवंत वाटतात ती मायदेशातील नाडलेल्या शेतकऱ्यांवरची पाने. त्यांचे पुत्र निकोलाए पुढे सेनापती आणि १८६८मध्ये रुमानियाचे पंतप्रधान झाले. १८४८च्या क्रांतीने शेतकऱ्यांना जमिनीचे वचन दिले, तेव्हा राज्य चालवणाऱ्या तिघांत ते होते. ते वचन बऱ्याच अंशी पाळले राजे कूझा यांनी, १८६४च्या जमीन कायद्याने. १८६६मध्ये रूढिवादी आणि उदारमतवादी यांच्या युतीने कूझांना पदच्युत केले. त्यानंतर कारभार पाहणाऱ्या तिघांतही निकोलाए होतेच. पहिल्यांदा ते वचन देणाऱ्यांत बसले, दुसऱ्यांदा वचन पाळणाऱ्याच्या रिकाम्या जागी. या चरित्राचे मोल करताना मला ती दुसरी बैठक वगळता येत नाही.