शिंदीचे झाड आणि काचेची पाठ

प्रदर्शनाच्या पत्रिकेत चित्रकाराची ‘प्रेरणा’ छापण्याची चाल आता चांगलीच रूढ झाली आहे. निसर्ग, अध्यात्म, लोकसंस्कृती यांपैकी एखादा शब्द तेथे हटकून असतो. तो वाचून रसिकाचे समाधान होते, आणि चित्र पाहावयाचे राहून जाते. मला चित्रकलेचे शिक्षण नाही. मी शाळामास्तर आहे आणि कादंबऱ्या लिहितो. तरीही या शब्दाविषयी माझी जुनी तक्रार आहे.

आमच्या सिंदी मेघेहून वर्धा शहर ओलांडून सेवाग्रामला जावे. बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेन यांनी आपल्या हातांनी उठविलेली चित्रे आहेत. ॐ आहे, चरखा आहे आणि झाडे आहेत. कोणी त्यांना ताड म्हणो, खजुरी म्हणो, आम्हां सिंदीकरांच्या डोळ्यांना ती शिंदीचीच दिसतात. भिंतीचीच माती भिंतीवर थोडी अधिक चढविली आहे, इतकेच. उजेड बाजूने आला की झाड उमटते, समोरून आला की ते भिंतीत विरते.

मीराबेन म्हणजे मॅडेलिन स्लेड. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची ही मुलगी बीथोव्हेनच्या संगीताने वेडावली, त्या ओढीने रोमाँ रोलाँपर्यंत पोहोचली, आणि त्यांच्यामुळे 1925 साली गांधीजींकडे आली. प्रेरणा शोधणाऱ्या चरित्रकारास याहून अधिक काय हवे? परंतु भिंतीवर बीथोव्हेन नाही. ॐ आणि चरखा या निष्ठेच्या खुणा आहेत. चित्रे म्हणून त्या मला थोड्या कोरड्याच वाटतात. झाडाची गोष्ट निराळी. ज्याच्या पानांच्या चटया आणि केरसुण्या घरोघर होत्या, ज्याच्या नीरेपासून गूळ करण्याचा उद्योग वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाने हाती घेतला होता, ते झाड रोज डोळ्यांसमोर असावयाचे. मातीत बारीक पाते निघत नाही. ते जाड होते, मोजके होते. बाईंच्या हाताने मातीची ही अडचण मान्य केली, म्हणून ते झाड झाड वाटते.

मातीत चुकले तर पुन्हा लिंपता येते. काचेवर रंगविणाऱ्यास ही सवलत नाही. काचेच्या पाठीवर रंगवून पुढून पाहावयाची चित्रे अठराव्या शतकात चीनच्या व्यापाराबरोबर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आली, आणि मग येथल्या कारागिरांनीही ती कला उचलली. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात ती पाहावयास मिळतात. त्यांतला सारा क्रम उलटा असतो. साध्या चित्रात शेवटी येणारी नथीतली मोत्ये, डोळ्यांतली चमक, पदराची जर येथे आधी काढावयाची. मग चेहऱ्याचा रंग. पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. एकदा चेहरा भरला की मोती दुरुस्त करता येत नाही. नमुना जसाच्या तसा गिरविला, तर देवाचा उजवा हात डावा होऊन बसतो.

या बहुधा अनाम कारागिरांची प्रेरणा कोणती? भक्ती म्हणावी, की गिऱ्हाईक म्हणावे? दोन्ही होतीच. पण ज्याला बाईच्या चेहऱ्याचा आरंभ नथीपासून करावा लागतो, तो रस्त्यावरून जातानाही माणसांकडे निराळ्या रीतीने पाहत असला पाहिजे. कादंबरीत मला हा क्रम अजून साधलेला नाही.

येथे कोणी सय्यद हैदर रझांचे नाव घेईल. मंडला जिल्ह्यात 1922 साली जन्मलेले रझा 1939 ते 1943 नागपूरच्या कलाशाळेत होते. लहानपणी मन एकाग्र होईना, म्हणून मुख्याध्यापकांनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे पाहावयास सांगितले, ही आठवण ते सांगत. त्या ठिपक्याचे पुढे केवढे तत्त्वज्ञान झाले! परंतु 1950 साली पॅरिसला गेलेल्या रझांच्या कॅनव्हासवर बिंदू ठाण मांडून बसला तो 1980 च्या सुमारास. मधली तीस वर्षे त्यांनी फ्रान्समधली गावे रंगविली, रंगांचे थर चढविले, उतरविले. पत्रिकेत येतो तो ठिपका. ती तीस वर्षे येत नाहीत. शाळेतली भिंत तर आपणां सर्वांच्याच वाट्याला आली होती.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने चित्रकलेच्या तासाला शिंदीचे झाड काढले होते. बुंधा खडबडीत, वाकडा, आणि वर बांधलेले गाडगे. दारूबंदीच्या जिल्ह्यात मास्तराला ते गाडगे पाहून काय सुचावे? “काही सुंदर काढ की रे,” मी म्हणालो. त्याने निमूटपणे दोन त्रिकोणी डोंगर, मधे उगवता सूर्य आणि खाली नदी काढली. मी दहापैकी आठ गुण दिले. तसले डोंगर त्याने कधी पाहिले नव्हते, मीही नव्हते.

बापूकुटीत गेलो की ते आठ गुण मला आठवतात. पहिला कागद त्याने फाडला नव्हता. घडी घालून दप्तरात ठेवला होता.