'पहिली' या शब्दाची झडती

आपल्याकडे वस्तीतली एखादी मुलगी स्पर्धा परीक्षा पास झाली की चौकात फलक लागतो, सत्कार होतो आणि प्रत्येक भाषणात एक शब्द हमखास येतो: 'पहिली'. समाजातली पहिली, तालुक्यातली पहिली. हा शब्द मलाही चिकटलेला आहे. घराण्यातली पहिली पदवीधर मी. माझी आई आजही अंगठा उठवते. म्हणून या शब्दाविषयी मी जे लिहिणार आहे ते त्रयस्थाचे लिखाण नाही. ज्या शब्दाचा मला अभिमान वाटत आला त्याचीच झडती घेण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते.

निमित्त घडले ते वर्गात. तालुक्याच्या महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवते. तृतीय वर्षाला आंतरराष्ट्रीय संबंध शिकवताना, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात वरपर्यंत पोहोचलेल्या काळ्या स्त्रियांविषयी बोलत होते. त्यांनी राबवलेल्या धोरणांवर मी कडक टीका केली. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. ती लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करते, परराष्ट्र सेवेत जायचे म्हणते. ती म्हणाली, "मॅडम, इतकी वर्षं त्यांची माणसं बसली तेव्हा खुर्ची चांगली होती. आपली बाई बसली की लगेच खुर्ची वाईट?" मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही. ते येथे शोधायचे आहे.

काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांपुढे गेलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या. १९७२ साली दलित पँथरने नावही तिकडूनच घेतले. पुढे आपण काळ्यांची कविता वाचली, आत्मकथने वाचली. पण सत्तेच्या दालनात शिरलेल्या काळ्या स्त्रियांनी स्वतःविषयी काय लिहिले, इकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. विद्रोहाचे साहित्य आपण जवळचे मानले, यशाचे साहित्य परके मानले. आता आपल्या मुलीही त्या दालनांच्या दाराशी उभ्या आहेत. अशा वेळी यशाच्या साहित्याची चिकित्सा टाळून चालणार नाही.

कॉन्डोलिझा राईस यांचे 'एक्स्ट्राऑर्डिनरी, ऑर्डिनरी पीपल' (२०१०) हे त्यातले महत्त्वाचे पुस्तक. राईस यांचा जन्म १९५४ चा, अलाबामातील बर्मिंगहॅम शहरातला. १५ सप्टेंबर १९६३ रोजी तेथील चर्चमध्ये वंशवाद्यांनी ठेवलेल्या बॉम्बने चार काळ्या मुली मारल्या. त्यातली डेनिस मॅकनेअर ही राईस यांची खेळगडी. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलेल्या त्यांच्या वडिलांना, बरणीत घेवड्याचे दाणे किती ते ओळखा, असे विचारले गेले. हे सारे राईस सांगतात आणि प्रभावीपणे सांगतात. आई शिक्षिका, वडील धर्मोपदेशक. घरात पियानो, पुस्तके आणि एक शिकवण: गोऱ्यांच्या दुप्पट चांगली हो, म्हणजे तुला कोणी अडवू शकणार नाही.

ही शिकवण आपल्याही घराघरांत आहे. मीही तिच्यावरच वाढले. पण समीक्षकाने येथे थांबून विचारले पाहिजे: दुप्पट का? जो दुप्पट होऊ शकत नाही त्याने काय करायचे? राईस यांच्या निवेदनात वंशभेद ही उलथून टाकायची व्यवस्था राहत नाही. गुणवान मुलीने ओलांडायचा अडथळा ठरते. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये 'मी' शोधावा लागतो, कारण तिथे 'आम्ही' बोलतात. राईस यांच्याकडे बर्मिंगहॅमची वस्ती येते, माणसे येतात, आईवडिलांविषयीची कृतज्ञता ओसंडून वाहते. पण या साऱ्यांचा प्रवास एकाच व्यक्तीच्या उत्कर्षाकडे होतो. आत्मचरित्र आणि आत्मकथन या भेदाची आपण वर्षानुवर्षे चर्चा केली. त्या भेदाची खरी कसोटी इथे लागते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हे पुस्तक २००० च्या अखेरीस, वडिलांच्या मृत्यूपाशी संपते. म्हणजे राईस राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार होण्याच्या उंबरठ्यावर. इराक युद्ध, २००५ मध्ये मिळालेले परराष्ट्रमंत्रिपद हे सारे 'नो हायर ऑनर' (२०११) या दुसऱ्या पुस्तकात जाते. वेदना एका पुस्तकात, सत्ता दुसऱ्या पुस्तकात! प्रत्यक्षात मात्र राईस यांनी दोन्हींची गाठ घातली होती. ऑगस्ट २००३ मध्ये काळ्या पत्रकारांच्या संघटनेपुढे बोलताना त्यांनी बर्मिंगहॅमची आठवण इराक धोरणाच्या समर्थनाला जुंपली. समूहाची जखम राज्यसंस्थेच्या कामी कशी येते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नसेल.

अर्थात राईस ही सुरुवात नव्हे. १९५० साली ट्रुमन यांनी शिकागोच्या वकील एडिथ सॅम्पसन यांना संयुक्त राष्ट्रांतील अमेरिकी शिष्टमंडळावर नेमले. त्या शिष्टमंडळातील त्या पहिल्या काळ्या प्रतिनिधी. त्याच वर्षी त्याच सरकारने गायक पॉल रोबसन यांचा पासपोर्ट रद्द केला. शीतयुद्धात सोव्हिएत प्रचार अमेरिकेतील वंशभेदावर बोट ठेवत होता. १९५२ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने सर्वोच्च न्यायालयाला लेखी कळवले, की शाळांतील वंशभेदामुळे आपल्या परराष्ट्र संबंधांना बाध येतो. अशा वेळी सत्तेला परदेशात दाखवायला एक काळा चेहरा हवा होता. जे काळे तोंड अमेरिकेची बाजू मांडील त्याला व्यासपीठ. जे तिची लक्तरे दाखवील त्याला घरात कोंडायचे. पण यात सॅम्पसन यांना केवळ बाहुली ठरवणे अन्यायाचे होईल. सत्तेला ही गरज भासावी असा दबाव लढणाऱ्या काळ्या माणसांनीच निर्माण केला होता. दार लढ्याने किलकिले झाले. आत कोणाला घ्यायचे हे मात्र आतल्यांनी ठरवले.

याच संदर्भात पॅट्रिशिया हॅरिस यांचे उदाहरण वेगळे वाटते. रेल्वेच्या भोजनडब्यात काम करणाऱ्या वाढप्याची ही मुलगी. १९४३ मध्ये, विद्यार्थिदशेत, काळ्यांना न वाढणाऱ्या वॉशिंग्टनच्या उपाहारगृहात ठिय्या देणाऱ्यांत त्या होत्या. १९६५ मध्ये त्या लक्झेंबर्गला राजदूत म्हणून गेल्या. अमेरिकेच्या पहिल्या काळ्या स्त्री राजदूत. १९७७ मध्ये गृहनिर्माण मंत्रिपदासाठी सिनेटपुढे त्यांची सुनावणी झाली. तेव्हा, तुम्ही गरिबांचे प्रतिनिधित्व कसे करणार, अशी शंका एका सिनेटरने काढली. त्यांनी उत्तर दिले, की मी त्यांच्यातलीच आहे. याच राजधानीच्या काही भागांत काही वर्षांपूर्वीपर्यंत मला घर विकत मिळत नव्हते. पद मिळवताना आपली मुळे झाकण्याची त्यांना गरज वाटली नाही. खुर्ची तीच, बसणारीची जाणीव वेगळी.

सुझन राईस (आडनाव एक असले तरी नाते नाही) यांचे 'टफ लव्ह' (२०१९) मला एका वेगळ्याच कारणासाठी मोलाचे वाटले. त्या २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांत राजदूत झाल्या, तेथेही 'पहिली' काळी स्त्री म्हणून नोंद झाली. पण या पुस्तकात मनात राहते ती त्यांची आई, लॉइस राईस. जमैकाहून आलेल्या स्थलांतरितांची ही मुलगी. तिचे वडील झाडलोटीची कामे करीत. १९७२ मध्ये गरीब विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली, तीच पुढे 'पेल ग्रँट' म्हणून ओळखली गेली. ती घडवण्यात या बाईंचा मोठा वाटा होता. बाबासाहेबांच्या प्रयत्नांतून १९४४ मध्ये सुरू झालेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर मी शिकले. म्हणून मला विचारावेसे वाटते: मुलीच्या राजदूतपदाचा गौरव होतो, आईने असंख्य अनोळखी मुलांसाठी लावलेल्या शिडीचा का होत नाही?

शिडीचा हा प्रश्न हवेतला नाही. १९८६ मध्ये काळ्या अधिकाऱ्यांनी भेदभावाविरुद्ध अमेरिकी परराष्ट्र खात्याला न्यायालयात खेचले. तडजोड व्हायला १९९६ उजाडले. पुढे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२० साली अहवाल दिला. त्यानुसार या खात्याच्या कायम नोकरवर्गात काळ्या स्त्रियांचे प्रमाण २००२ मध्ये १३ टक्के होते, २०१८ मध्ये ते ९ टक्क्यांवर आले. वाचकांनी ही वर्षे नीट पाहावीत. याच काळात एक काळी स्त्री या खात्याची मंत्री होती, दुसरी संयुक्त राष्ट्रांत राजदूत होती. शिखरावर 'पहिली' झळकत होती आणि पायथ्याशी संख्या घटत होती.

शेवटी लिंडा थॉमस-ग्रीनफील्ड. लुइझियानातील भेदभावाच्या काळात वाढलेल्या, घरातून हायस्कूल पूर्ण करणाऱ्या पहिल्या. १९८२ मध्ये परराष्ट्र सेवेत आल्या, लायबेरियात राजदूत झाल्या आणि २०२१ ते २०२५ संयुक्त राष्ट्रांत. या सगळ्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती हीच बाई. आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी, गाझात तातडीने युद्ध थांबवा म्हणणाऱ्या ठरावाविरुद्ध सुरक्षा परिषदेत एकच हात वर गेला, तो याच बाईचा होता. ते चित्र पाहताना मला १९४६ चे पत्र आठवले. ज्या सभागृहाकडे पिडलेली माणसे निवेदन घेऊन जातात, तिथेच आपल्यातली एक नकाराधिकार घेऊन बसली होती.

आता त्या विद्यार्थिनीचे उत्तर. पुणे करारानंतर बाबासाहेब सतत विचारत राहिले, की आमचा म्हणून जो निवडून येतो त्याला निवडतो कोण? जो निवडतो त्याचाच तो प्रतिनिधी. राजदूत समाजाने निवडलेला नसतो. तो राज्यसंस्थेचा नोकर असतो आणि हात वर करण्याचा आदेश त्याला वरून येतो. तेव्हा माझी चूक ही झाली, की मी बाईला बोलले आणि आदेश देणाऱ्यांना सोडून दिले. आणि फलक लावणाऱ्यांची चूक ही, की ते नोकरीला मुक्ती समजतात.

बाई, तू जरूर जा. खुर्ची वाईट आहे म्हणून ती त्यांच्यासाठी मोकळी सोडावी, असे मी म्हणणार नाही. पण जाताना हे समजून जा, की ती खुर्ची तुझ्या तोंडून स्वतःचे बोलायला पाहील. तुझी वस्ती, तुझ्या आईचा अंगठा यांचाही ती दाखला म्हणून वापर करील. तो वापर कुठे नाकारायचा ते आधी ठरवून ठेव. आणि आम्ही मागे राहिलेल्यांनी, शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी फलकाआधी हिशेब मांडावा: यंदा शिष्यवृत्ती किती मुलींना वेळेवर मिळाली, किती जणींची नावे पटावरून गळाली. 'पहिली'चा सत्कार आपण अनेकदा केला. दुसरी अजून का आली नाही, हे विचारायला आपण कधी जमणार?