मार्गखंड आणि सांधा : रोलर कोस्टरच्या सदृशीकरणातील संपादनाची चिकित्सा

रोलर कोस्टरच्या रचनेसाठी निर्माण झालेल्या सदृशीकरण-आज्ञावलींचा विचार आजवर बहुधा करमणुकीच्या अंगानेच झालेला आहे. रचनाशास्त्राची, आणि त्याहूनही विशेष म्हणजे विद्यार्थ्याला काही शिकविणारी साधने म्हणून त्यांच्याकडे पाहू लागले म्हणजे एक निराळाच प्रश्न पुढे उभा राहतो. या आज्ञावलींत मार्ग खंडाखंडांनी रचला जातो. खंड निवडावा, ताणावा, वाकवावा, तिरपा करावा, पुसून पुन्हा घालावा, असे संपादनाचे सारे व्यापार खंडावर चालतात. परंतु गाडीत बसलेल्या माणसाच्या देहाला जे जाणवते, त्याचा उगम बहुतांशी खंडात नसून दोन खंडांच्या सांध्यात असतो. संपादकाचा हात जिच्यावर चालतो ती वस्तू आणि रचनेचा गुणदोष जिच्यावर अवलंबून असतो ती वस्तू, या दोन एक नव्हेत. कोणती आज्ञावली हा भेद कसा हाताळते, यावरूनच तिची परीक्षा केली पाहिजे.

ही परीक्षा करमाळ्यासारख्या ठिकाणाहून करणे अधिक उपयुक्त आहे. मुंबईच्या विद्यार्थ्याला गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ पासून अनेक वर्षे उपलब्ध होते. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले आणि तेथे बोलिजर व मॅबिलार्ड या स्विस रचनाकारांचा ‘नायट्रो’ आला. पडद्यावरील चुकीचे वळण आणि देहाला बसलेला हिसका यांची तुलना या विद्यार्थ्याला करता येते. करमाळ्याच्या विद्यार्थ्याने रूळ पाहिलेले असतात ते जेऊर स्थानकावरचे. करमणुकीची यंत्रे पाहिलेली असतात ती सोलापुरास सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत. रोलर कोस्टर त्याला प्रथम भेटतो तो संगणकाच्या पडद्यावर, आणि पुष्कळदा तेथेच. पडदा जे सांगेल ते पडताळून पाहण्याचे दुसरे साधन त्याच्यापाशी नसते. साहजिकच आज्ञावलीने लपविलेली गोष्ट त्याच्यापुरती नाहीशीच होते.

तथापि जेऊरचे रूळही थोडे शिकवीत नाहीत. पुण्याहून निघालेला हा रुळमार्ग १८६० साली सोलापुरास पोहोचला. रुळमार्गाच्या वळणाची रचना करताना सरळ भाग आणि वर्तुळाकार भाग एकमेकांस थेट जोडीत नाहीत. दोहोंमध्ये संक्रमण-वक्र घालतात. भारतीय रेल्वेत तो सामान्यतः घन अन्वस्ताचा असतो. या वक्रावर वक्रता शून्यापासून क्रमाने वाढते आणि तिच्या जोडीने बाहेरचा रूळ हळूहळू उचलला जातो. ब्रॉडगेजवर ही उचल प्रमुख मार्गांना १६५ मिलिमीटरपर्यंत मान्य आहे, म्हणजे डब्याचा कल जेमतेम साडेपाच अंशांच्या आत राहतो. उचलीची जी तूट प्रवाशाला बाहेरच्या बाजूचा दाब म्हणून जाणवते, ती किती असावी एवढेच सांगून रेल्वेचे नियम थांबले नाहीत. ती दर सेकंदाला किती वेगाने बदलावी, याचीही मर्यादा त्यांनी घातली. दाब आणि दाबाचा बदल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तत्त्व खडी-रुळांच्या शास्त्राला फार पूर्वी पटले होते. पडद्यावर मार्ग रचणाऱ्याला ते बरेच उशिरा पटते.

एक साधे उदाहरण घेऊ. गाडीचा वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर आहे, आणि सरळ खंडाला २० मीटर त्रिज्येचा वर्तुळखंड जोडावयाचा आहे. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले असता त्वरण दर सेकंदास २० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे गुरुत्वाच्या सुमारे दुप्पट येते. दोन्ही खंड सांध्यावर एकाच स्पर्शरेषेत असले तर पडद्यावर कोठेही कोपरा दिसत नाही. रेषा सलग, डौलदार दिसते. प्रत्यक्षात मात्र सांधा ओलांडताक्षणी दुप्पट गुरुत्वाचे त्वरण शून्यातून एकदम उभे राहते. त्याच ठिकाणी २० मीटर लांबीचा संक्रमण-खंड घातला तर तेच त्वरण एका सेकंदात क्रमाने चढते. दोन्ही रेषा एकीवर एक ठेवल्या तर डोळ्याला त्यांतील अंतर ओळखणे कठीण जाते. डोळा दिशेतील खंड तत्काळ टिपतो. वक्रतेतील खंड त्याला दिसत नाही. मानेला तो दिसतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

इतिहासानेही हा धडा मानेच्याच द्वारे दिला. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथे ‘फ्लिप फ्लॅप’ नावाचा उलटफेरा उभारण्यात आला. त्याचा आकार शुद्ध वर्तुळाचा होता. घर्षण सोडून दिले तर वर्तुळाच्या माथ्यावर गाडी जेमतेम टिकण्याइतका वेग हवा असला तरी तळाशी देहावर सहापट भार येतो, आणि तो सांध्यावर एकपटीवरून एका क्षणात सहापट होतो. प्रवाशांच्या मानांना इजा होऊ लागल्या आणि तो प्रकार फार काळ टिकला नाही. पुढे १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन येथील ‘रेव्होल्यूशन’साठी आंटोन श्वार्झकोफ व व्हेर्नर श्टेंगल या जर्मन अभियंत्यांनी थेंबाच्या आकाराचा उलटफेरा वापरला. तळाशी मोठी त्रिज्या, माथ्याशी लहान, आणि मधली वक्रता क्रमाने बदलणारी, अशी ती रचना होती. तिच्या मुळाशी असलेल्या सर्पिलाचे गणित ऑयलरने अठराव्या शतकातच मांडून ठेवले होते. हे सर्पिल म्हणजे, दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, आदिअंती पसरलेला एक सांधाच होय.

आता आज्ञावलींकडे वळावे. क्रिस सॉयर यांचा ‘रोलर कोस्टर टायकून’ १९९९ चा. चौकटींच्या जाळीवर तयार खंड एकापुढे एक मांडण्याची त्याची पद्धत गणिती दृष्टीने अगदीच ठोकळेबाज आहे, आणि जाणकारांनी त्याची गणना खेळण्यातच केली. त्याच्या गुणांकनाची रीतही चमत्कारिक आहे. थरार, तीव्रता आणि मळमळ असे तीन आकडे तो सबंध मार्गाला बहाल करतो. मळमळ कोणत्या सांध्यावर उद्भवली, हे त्या आकड्यावरून कळत नाही. परंतु या खेळण्यात एक गोष्ट अशी आहे की जी पुढील प्रौढ साधनांत हरवली. सपाट मार्गावरून तीव्र चढ थेट घेता येत नाही. आधी सौम्य चढाला नेणारा खंड, मग तीव्र चढाला नेणारा खंड घालावाच लागतो. तिरप्या वळणात शिरण्यापूर्वी सपाटातून तिरपे होणारा स्वतंत्र खंड मांडावा लागतो. त्याला जागा लागते, पैसा लागतो, आणि तो विसरला तर पुढचा खंड मिळतच नाही. सांधा येथे एक वस्तू आहे.

गड्डा यात्रेतील ‘मौत का कुआँ’ पाहिलेल्याला यात काही नवल वाटणार नाही. त्या लाकडी विहिरीतही जमीन आणि उभी भिंत एकमेकींस काटकोनात भिडलेल्या नसतात. मध्ये तिरक्या फळ्यांचा पट्टा असतो आणि मोटारसायकलस्वार त्याच्यावर वेग घेऊन मगच भिंतीवर चढतो. विहीर उभारणाऱ्या कारागिराने वक्रतेचे समीकरण सोडविलेले नसते. पण सांध्यालाही सामान लागते, हे त्याला ठाऊक असते.

ओले लांगे यांच्या ‘नोलिमिट्स’ या २००१ पासून प्रचारात आलेल्या जर्मन आज्ञावलीने जाळी मोडून टाकली. अवकाशात बिंदू ठेवावेत, त्यांच्यामधून बेझिए वक्र जावा, आणि बिंदूंच्या दांड्या ओढून आकार द्यावा, अशी ही मुक्त पद्धत. तिने साधलेला लाभ नाकारता येणार नाही. खऱ्या मार्गाची सूक्ष्मता प्रथमच घरबसल्या हाती आली आणि हौशी रचनाकारांची एक पिढी तिच्यावर वाढली. परंतु याच मुक्ततेत सांधा अदृश्य झाला. दांड्या एका रेषेत ठेवल्या की दिशा जुळते. वक्रता जुळेलच अशी हमी त्यात नाही. रेषा सुंदर दिसते आणि गाडी प्रत्येक बिंदूवर दचकते. प्रवासदृश्यात गुरुत्वपटीचे आकडे पडद्यावर दाखविण्याची सोय होती, हे खरे. पण आकडा धावत्या गाडीबरोबर क्षणात बदलून जातो आणि संपादन मात्र स्थिर रेषेवर चालते. दोषाचे दर्शन एका खिडकीत, दुरुस्ती दुसऱ्या खिडकीत, आणि दोहोंना जोडण्याचे काम रचनाकाराच्या स्मरणशक्तीकडे, अशी ही विभागणी आहे. वापरकर्त्यांनी वक्र सुधारणारी साहाय्यक साधने स्वतःच लिहून काढली, ही घटना या आज्ञावलीवरील सर्वांत बोलकी टीका होय.

तिरपेपणाच्या बाबतीत हे वैगुण्य अधिकच उठून दिसते. वर घेतलेल्या उदाहरणात बाजूचा दाब पूर्णपणे नाहीसा करावयाचा तर मार्ग सुमारे ६४ अंशांनी तिरपा करावा लागेल. हा कल रुळांच्या अक्षाभोवती दिला आणि प्रवाशाची छाती रुळांपासून १.१ मीटर उंचीवर धरली, तर रूळ जागच्या जागी फिरले तरी छाती जवळजवळ एक मीटर बाजूला फेकली जाते. म्हणून श्टेंगल यांच्या परंपरेत मार्ग हृदयरेषेभोवती फिरवितात. माणूस स्थिर राहतो आणि रूळच त्याच्याभोवती वळसा घेतात. पडद्यावर असा मार्ग वेडावाकडा दिसतो. दिसण्याला प्रमाण मानणारा नवशिका तो ‘सुधारावयास’ जातो आणि बिघडवून ठेवतो. ‘नोलिमिट्स’च्या दुसऱ्या आवृत्तीने कलाचे बिंदू आकाराच्या बिंदूंपासून वेगळे केले. ही सुधारणा दिसावयास किरकोळ, पण तत्त्वतः फार मोठी आहे, कारण वळण कोठे सुरू होते आणि कल कोठे सुरू होतो हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत, असे तिने मान्य केले.

२०१६ च्या ‘प्लॅनेट कोस्टर’ने तिसरा मार्ग धरला. खंडांची लांबी, वळण व चढ बदलता ठेवून त्यांवर गुळगुळीत करण्याची एक कळ बसविली. खंड निवडावेत, कळ दाबावी, सांधे आपोआप मऊ होतात. व्याकरणातील संधीत जसा पूर्वपदाचा अन्त्य वर्ण आणि उत्तरपदाचा आद्य वर्ण, दोन्ही बदलू शकतात, तसेच येथे दोन्ही बाजूंचे खंड आपला मूळ आकार थोडाथोडा सोडतात. फरक इतकाच की संधीचे नियम शिकणाऱ्याला पाठ असतात, त्याला विग्रह करता येतो. या कळेने काय बदलले, किती बदलले आणि का बदलले, याचा विग्रह वापरकर्त्याच्या हाती येत नाही. पाच वेळा कळ दाबली म्हणजे मार्ग मऊ होतो खरा, पण टेकडीचा माथाही बसतो आणि रचनाकाराने मुद्दाम ठेवलेला झटकाही धुऊन निघतो. प्रत्येक झटका हा दोष नसतो, हेही येथे सांगितले पाहिजे. निर्णय कोणाचा, रचनाकाराचा की कळेचा, हा खरा वाद आहे. करमणूक म्हणून या कळेवर आक्षेप घेण्याचे कारण नाही. अध्यापनाचे साधन म्हणून मात्र ती सर्वांत दुबळी ठरते, कारण शिकण्याचा भागच ती उरकून टाकते.

बलाधारित रचनेची पद्धत या सर्वांच्या उलट टोकाला उभी आहे. ‘एफव्हीडी प्लस प्लस’ या मुक्त आज्ञावलीत आकार काढावयाचाच नसतो. उभे बल, आडवे बल आणि कलाचा वेग यांचे आलेख द्यावयाचे. त्यांवरून मार्ग निष्पन्न होतो आणि मग तो ‘नोलिमिट्स’मध्ये नेता येतो. येथे खंड म्हणजे आलेखाचा एक तुकडा, आणि तुकडा म्हणजे एका बलावरून दुसऱ्या बलाकडे जाण्याची रीत. सांधा पुन्हा वस्तू झाला, एवढेच नव्हे तर मुख्य वस्तू झाला. तथापि या पद्धतीचे स्तोत्र गाण्याचे कारण नाही. बल ठरविले म्हणजे मार्ग कोठे जाऊन पोहोचेल हे आधी सांगता येत नाही. आरंभीच्या तुकड्यात किंचित फेर केला की पुढचा सारा मार्ग दुसरीकडेच भरकटतो. फलाटावर परत येण्यासाठी अखेर एखादा भूमितीने काढलेला खंड घालावाच लागतो, आणि बलाधारित मार्गाचा सर्वांत वाईट सांधा पुष्कळदा तेथेच सापडतो.

भूमीचा हा हट्ट महाराष्ट्राला अपरिचित नाही. जेऊरहून मुंबईकडे जाणारी गाडी ज्या बोरघाटातून उतरते, तेथे १८६३ साली रुळमार्ग सुरू झाला तेव्हा सदतिसास एक असा तीव्र चढ ठेवूनही एका ठिकाणी वळणाला जागाच उरली नाही. अभियंत्यांनी तेथे उलटस्थानक केले. गाडी थांबे आणि दुसऱ्या तोंडाने पुढे जाई. विसाव्या शतकात मार्ग बदलून ते टाळण्यात आले. वक्रता अनंत होण्याऐवजी वेगच शून्य करणे, हाही सांधा सोडविण्याचा एक प्रकार होय. आणि त्याच घाटाच्या पायथ्याशी आज ‘नायट्रो’ उभा असावा, हा योगायोगच. आज्ञावलीतील रिकाम्या अवकाशाला डोंगर नसतो, हद्द नसते, खांब रोवण्याची अडचण नसते. म्हणून तेथे बलाला अग्रमान देणे सोपे जाते.

करमाळ्याच्या महाविद्यालयात एखाद्या अध्यापकाने या साधनांचा उपयोग करावयाचा ठरविला, तर त्याने ‘प्लॅनेट कोस्टर’पासून आरंभ करू नये. ठोकळेबाज म्हणून टाकून दिलेला ‘टायकून’ प्रथम द्यावा, म्हणजे संक्रमण-खंड हा मांडावा लागतो हे हाताला कळेल. त्यानंतर वहीत सरळ खंड व वर्तुळखंड यांच्या सांध्याचे दोन आलेख काढवून घ्यावेत, एक दिशेचा व एक वक्रतेचा. पहिला सलग येईल, दुसऱ्याला उभी पायरी पडेल. ती पायरी विद्यार्थ्याने स्वतः मोजल्यानंतरच ‘नोलिमिट्स’चा पडदा त्याच्यापुढे उघडावा. आणि वर्गातील कोणी कधी जेऊरहून गाडीने निघालाच, तर वळणावर डबा कलू लागतो तो नेमका कोठे, हे त्याने खिडकीकडे पाठ करून, डोळे मिटून ओळखून पाहावे.