‘पडवी काढणे’ : जुन्या घरांच्या विस्ताराची भाषिक चिकित्सा

वास्तुकलेच्या चर्चेत ‘भाषा’ हा शब्द आता इतका रुळला आहे की ते एक रूपक आहे याचे भानही फारसे उरलेले नाही. जॉन समरसन यांनी १९६३ मध्ये बीबीसीवरून दिलेल्या व्याख्यानांत युरोपातील अभिजात वास्तुशैलीचा विचार भाषा म्हणून केला. ख्रिस्तोफर अलेक्झांडर व त्यांचे सहकारी यांनी १९७७ मध्ये २५३ आकृतिबंधांची एक ‘भाषा’च ग्रंथरूपाने सिद्ध केली. तेव्हापासून जुन्या घराला नवे दालन जोडणारा प्रत्येक वास्तुविशारद ‘जुन्याशी संवाद’ साधल्याचे सांगतो. हा संवाद कोणत्या व्याकरणाने होतो, असे मात्र कोणी विचारीत नाही. भाषेच्या अभ्यासकाने तो प्रश्न विचारणे अनाठायी ठरू नये.

प्रथम आपल्याच भाषेतील क्रियापदे पाहावीत. मराठी माणूस घराला पडवी ‘जोडीत’ नाही. तो पडवी ‘काढतो’. माडी तो ‘बांधतो’ त्याचप्रमाणे ‘चढवतो’ही. ‘काढणे’ या क्रियेला अपादान लागते. जे काढायचे ते कशातून तरी निघावे लागते. येथे ते मूळ घरातून निघते. याउलट नगरपालिकेच्या कागदांत ‘वाढीव बांधकाम’ असते, आणि त्या शब्दप्रयोगात घराचा पत्ताच नाही. वाढ कशाची व कोणत्या बाजूने, हे तो सांगत नाही; केवळ क्षेत्रफळ सांगतो. (त्या प्रयोगाला चिकटलेली अनधिकृतपणाची छटा हा निराळा विषय आहे.)

एका क्रियापदावर एवढा भार टाकणे योग्य आहे काय, अशी शंका येथे कोणी घेईल. शब्दप्रयोगावरून वस्तुस्थिती सिद्ध होत नाही, हे खरेच. म्हणून वस्तूकडे वळू. कोकणातील घराचे छप्पर उतरते असते, आणि पडवी म्हणजे त्याच पाख्याचा उतार पुढे नेऊन खाली मिळालेली जागा. समजा, भिंतीच्या माथ्यावर छप्पर नऊ फूट उंचीवर टेकले आहे आणि उतार दोन फुटांस एक फूट आहे. सहा फूट रुंदीची पडवी काढली तर तिच्या बाहेरच्या कडेला छप्पर सहा फुटांवर येते. आणखी चार फूट पुढे गेल्यास वळचण चार फुटांवर येऊन माणसाला आत शिरताना ओणवे व्हावे लागेल. उतार कमी करावा तर पाऊस कौलांखाली शिरतो. उरतो एकच मार्ग : पडवीची जमीन जोत्यापेक्षा पायरीभर खाली घेणे; आणि पडव्या पुष्कळदा तशाच असतात. तेव्हा पडवी किती रुंद असावी हे मालकाची हौस ठरवीत नाही. पर्जन्य, कौल आणि मनुष्याची उंची ही तिघे मिळून ठरवतात. व्याकरण म्हणतात ते यालाच. ते लिहिलेले नसते, परंतु मोडले की तत्काळ कळते.

देशावरील माळवदाच्या घराचे व्याकरण निराळे आहे. तेथे छप्पर सपाट व मातीचे, म्हणून अतिशय जड. ते तोलण्यासाठी तुळया जवळजवळ ठेवाव्या लागतात. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे ‘खण’, साधारणतः पाच-सहा फुटांचा. घर मोजायचे ते खणांत आणि वाढवायचे तेही खणाखणाने. कपाटाचा खण, चोळीचा खण आणि घराचा खण हे सारे मापून वेगळे केलेले भाग होत. कोकणी घर उतरत्या रेषेने वाढते, देशावरचे पटीने. एकाच भाषेच्या दोन बोलींप्रमाणे दोन्ही घरे परस्परांना समजतात, पण एकीचा प्रत्यय दुसरीला लावता येत नाही. पठारावरील वाड्याला ‘पारंपरिक’ म्हणून कोकणी कौलारू पडवी चिकटवणारे आजचे अभिकल्प नेमकी हीच चूक करतात.

आता संरक्षणाच्या शास्त्राकडे पाहू. १९६४ च्या व्हेनिस सनदेचे नववे कलम असे की जीर्णोद्धारात अपरिहार्य ठरलेले नवे काम मूळ रचनेहून वेगळे ओळखू यावे व त्यावर आपल्या काळाचा ठसा असावा. या नियमामागील बुद्धी आपल्या परिचयाची आहे. ती पाठचिकित्सकाची बुद्धी होय. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, जिचे काम १९६६ मध्ये पूर्णत्वास गेले, संशयित पाठाखाली नागमोडी रेघ दिलेली असते. संपादकाने आपला हात लपवू नये, हा त्यातील प्रामाणिकपणा. मंदिराला, लेण्याला, राजवाड्याच्या भग्नावशेषाला हा न्याय निःसंशय लागू आहे, कारण त्यांची संहिता पूर्ण झालेली आहे. परंतु राहते घर ही संहिता नव्हे. ते बोलणे आहे. तिसऱ्या पिढीने काढलेल्या पडवीला प्रक्षेप म्हणणे म्हणजे बोलणाऱ्याच्या पुढच्या वाक्याला प्रक्षेप म्हणणे होय. सनदेचे कर्ते स्मारकांविषयी बोलत होते. त्यांचा नियम घरांवर सरसकट लादणाऱ्यांकडे दोष जातो. काचेची पेटी जुन्या भिंतीला टेकवून ‘भेद स्पष्ट ठेवला’ म्हणणारे काम बहुधा या गैरसमजातून जन्मते. मग दक्षिणेच्या उन्हात ती पेटी यंत्राने थंड करावी लागते, आणि भेद विजेच्या देयकातही स्पष्ट होतो.

विरुद्ध टोकाची चूक अधिक लोकप्रिय आहे. सिमेंटच्या खांबावर लाकडाचा पातळ मुलामा देऊन वर कोरीव केवडा बसवायचा, हे स्थापत्यातील तत्सम शब्द होत : रूप जसेच्या तसे, उच्चार मात्र आजच्या तोंडाचा. तद्भव शब्द झिजलेला असतो, पण ती झीज वापराची असते. या चुकीला भौतिक किंमतही आहे. चुन्याचा दर्जा भिंतीतील ओल बाहेर सोडतो. सिमेंटचा गिलावा ती कोंडून ठेवतो. कोंडलेली ओल मऊ विटा व मातीच्या भरावाला पोखरते आणि भिंतीत रुतलेली तुळईची टोके कुजवते. बाहेरून हुबेहूब दिसणारी दुरुस्ती आतून घर संपवीत असते.

‘वाडा’ हा शब्द संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण, आवार, यावरून आला. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे; पण मेंढवाडा, गुरांचा वाडा हे प्रयोग आजही जिवंत असल्याने येथे तिची साक्ष घेता येते. वाड्याचा गाभा त्याचा दर्शनी भाग नसून वेढलेली मोकळी जागा, म्हणजे चौक, हा आहे. उजेड, वारा व बाहेर पडणारी उष्ण हवा यांचा तोच मार्ग. दिंडीदरवाजा राखावा व मागे चौक बुजवून मजले चढवावेत, हा वारंवार सुचविला जाणारा तोडगा म्हणूनच मूळ धातू टाकून प्रत्यय जपण्यासारखा आहे. पुण्यातील नदीकाठचे कित्येक वाडे १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात गेले. उरलेल्यांपैकी अनेक भाडेनियंत्रणाच्या काळात गोठलेल्या भाड्यामुळे दुरुस्तीविना खचले. मालक व भाडेकरू यांच्या अडचणी खऱ्या आहेत, आणि सौंदर्यविचाराने त्या सुटत नाहीत. तरीही जे वाडे उभे आहेत त्यांत काय जपायचे हे ठरवताना चौक आधी व दरवाजा नंतर, हा क्रम सोडता येत नाही.

जेफ्री बावा यांनी कोलंबोतील आपले घर याच दृष्टीने वाढविले. एका बोळातील चार लहान घरांपैकी तिसरे त्यांनी १९५८ मध्ये घेतले, मग चौथे, आणि सुमारे दहा वर्षांनी उरलेली दोन. मधल्या भिंती व बोळ यांचे रूपांतर लहान लहान उघड्या चौकांत झाले. पहिले घर मात्र पाडून तेथे त्यांनी उंच मनोरा उभा केला. सनदेच्या शब्दास जागणाऱ्याला हे मान्य होणार नाही. परंतु आतून फिरताना उजेडाचा धागा तुटत नाही, आणि त्या हवामानात घराची संगती टिकते ती याच धाग्याने.

आपल्या वाड्यांपुढील कठीण प्रश्न मनोऱ्याचा नसून शौचकूपाचा आहे. पूर्वी न्हाणी जमिनीलगत आणि शौचकूप परसात असे. आज म्हाताऱ्या माणसांना तो माडीवर, निजण्याच्या खोलीलगत हवा, आणि ही मागणी सर्वस्वी रास्त आहे. परंतु कडीपाटावर पाण्याचे नळ आणले की गळती तुळईच्या टोकापर्यंत पोचणारच. परसाच्या बाजूला स्वतःच्या पायावर उभा असा एक खण, जुन्या तुळईवर भार न टाकता माडीच्या पातळीला दाराने जोडलेला, हा मार्ग शक्य आहे. त्याची रुंदी मूळ खणाइतकीच ठेवावी आणि भिंत चुन्यात बांधावी.