‘मेड इन जर्मनी’ : एका शिक्क्याचे अर्थपरिवर्तन

अर्नेस्ट एडविन विल्यम्स यांचे ‘मेड इन जर्मनी’ हे पुस्तक १८९६ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाले. अर्थशास्त्राचे अभ्यासक ते संरक्षक जकातीच्या वादासंबंधात वाचतात. तथापि शब्दार्थाच्या अभ्यासकानेही ते वाचावे, असे आम्हांस वाटते.

ग्रंथनामातील शब्द कायद्यामुळे रूढ झाले. झोलिंगेनच्या सुऱ्यांवर शेफील्डचे नाव उमटविले जाते, अशी इंग्लिश कारखानदारांची तक्रार होती. १८८७ च्या ‘मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट’ अन्वये ब्रिटिश भासणारी नाममुद्रा असलेल्या परदेशी मालावर उत्पत्तिस्थान नोंदविणे आवश्यक ठरले. तक्रार खोटी नव्हती. परंतु ‘जे जर्मन ते हीन’ हे अनुमान तीतून निघत नाही. या समजुतीस एके काळी आधार होता, हेही मान्य केले पाहिजे. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनातील जर्मन मालास फ्रांझ रूलो या जर्मन यंत्रशास्त्रज्ञानेच स्वस्त व निकृष्ट ठरविले होते. जर्मन कारागीर पुढे सुधारला. इंग्लिश ग्राहकाचे मत मात्र बदलले नाही. पूर्वग्रह हा बहुधा असा शिळा झालेला अनुभव असतो.

विल्यम्स यांचा गुण हा की, त्यांनी शिक्क्यामागील वस्तू पाहिली आणि जर्मनांच्या तंत्रशिक्षणाचे व व्यापारी चिकाटीचे महत्त्व ओळखले. त्यांची उणीव ही की, परक्याचे कौशल्य त्यांना आक्रमणाच्या परिभाषेतच मांडता येते. अवहेलनेची जागा भयाने घेतली. न्याय्य मूल्यमापन दूरच राहिले. कालांतराने तोच इशारेवजा शिक्का मालाची शिफारस ठरला.

मराठीतही हाच व्यापार दिसतो. ‘विलायती चिंच’ या नावात ‘विलायती’ म्हणजे केवळ परकी. ते झाड मूळचे अमेरिका खंडातील. ‘विलायती कापड’ म्हणताना तेच विशेषण प्रशस्तीचे झाले. उलट, आज ‘चिनी माल’ म्हणताच टिकाऊपणाची परीक्षा संपते. स्थलवाचक विशेषण गुणवाचक झाले की वस्तू तपासण्याची गरज उरत नाही, आणि ती घडविणाऱ्या कामगाराचे मोल त्याचे काम न पाहताच ठरते. कोशकाराने असे अर्थ अवश्य नोंदवावेत. वाचकाने मात्र ते वस्तूचे वर्णन नसून बोलणाऱ्याचे मत आहे, हे विसरू नये.