चौकटीत कोण कोणाच्या शेजारी

‘मुंज्या’, ‘स्त्री २’ आणि ‘भूलभुलैया ३’ हे तिन्ही चित्रपट २०२४चे. तिन्ही चालले, आणि हॉरर-कॉमेडी हेच हिंदी सिनेमाचं भवितव्य असं जो तो म्हणू लागला. भुतांबद्दल माझी तक्रार नाही. ‘स्त्री २’मधल्या सरकट्याचं उडतं मुंडकं चोख आहे आणि मुंज्याही अंगावर येतो. तक्रार आहे ती भूत येण्याआधीच्या माणसांबद्दल. या माणसांची मैत्री, त्यांचं आई-मुलाचं नातं आपल्याला तोंडी सांगितलं जातं. एकाचा क्लोज-अप आणि टाळ्याखाऊ वाक्य, मग दुसऱ्याचा क्लोज-अप आणि उलट वाक्य, वर पार्श्वसंगीताचा ठोका. हा साचा इतका पक्का झाला आहे की ‘स्त्री २’तले विकी आणि जना एकमेकांचे कोण लागतात हे कॅमेऱ्याला माहीत तरी आहे का, असा प्रश्न पडतो.

हे माहीत असलेला सिनेमा म्हणजे एडगर राइटचा ‘शॉन ऑफ द डेड’ (२००४). झोंबींवरचा विनोदी चित्रपट म्हणून त्याचं कौतुक भरपूर झालं. माझ्या लेखी तो नात्यांचा चित्रपट आहे, आणि ती नाती संवादांइतकीच, किंबहुना जास्त, चौकटीतून आणि संकलनातून उभी राहतात.

पहिलाच प्रसंग घ्या. पबमध्ये लिझ आपल्या प्रियकराला, शॉनला, सांगते आहे की आपल्याला दोघांना असा वेळच मिळत नाही. आपल्याला वाटतं, दोघंच बसले आहेत. तेवढ्यात मागे जुगाराच्या मशीनवर खेळणारा शॉनचा मित्र एड दिसतो. मग शॉन लिझच्या घरातल्या दोघांबद्दल कुरकुर करतो, आणि कट होतो तर ते दोघं, डेव्हिड आणि डायन, त्याच टेबलाशी बसलेले! हसू येतंच, पण लिझची अख्खी तक्रार त्या दोन उलगड्यांत सिद्ध होते. दोघांपुरती जागा तिला आयुष्यात मिळत नाही, कारण चौकटीतच ती शिल्लक नाही.

पुढे शॉन घरातून कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. एक सलग शॉट, कुठेही कट नाही. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता, तीच चाल, तोच शीतपेयांचा फ्रिज. फरक एवढाच की आता फ्रिजच्या दारावर रक्ताळलेल्या पंजाचा ठसा आहे आणि शॉनला तो दिसत नाही. या जोडशॉटचं कौतुक करणारे गंमत मोजतात आणि थांबतात. मला त्यात लिझ दिसते. जो माणूस रक्तावरून पाय घसरूनही खाली बघत नाही, तो हॉटेलात टेबल राखून ठेवायला विसरणारच. आईसाठी आणलेली फुलं प्रेयसीपुढे धरणारच.

आणि सावत्र बाप फिलिप! सुटकेचा बेत आखताना शॉन जो जो आराखडा सांगतो, त्यात फिलिपला ठार मारण्याचं काम एका झटपट कटमध्ये उरकलेलं असतं. दात घासणं, चहा करणं याच वेगात. नंतर चावा बसलेला फिलिप मोटारीच्या मागच्या सीटवर शॉनशेजारी बसतो, आणि आत्तापर्यंत धावणारं संकलन थबकतं. चेहऱ्यावर कॅमेरा टिकतो. बाप होणं सोपं नव्हतं, असं तो माणूस तुटक शब्दांत सांगतो. ज्याला आराखड्यात अर्धा सेकंद मिळाला होता, त्याला आता पुरेसा वेळ मिळतो. नातं बदललं हे आपल्याला शॉट किती लांबला यावरून कळतं. मग तो झोंबी होतो आणि पहिलं काम काय करतो, तर कानठळ्या बसवणारं संगीत बंद करतो. मेल्यावरही स्वभाव जात नाही. हसता हसता घसा दाटतो, आणि या प्रकाराने मागावं ते हेच.

जपानच्या शिनइचिरो उएदाने ‘वन कट ऑफ द डेड’मध्ये (२०१७) याच्याही पुढची मजल गाठली. सुरुवातीचा ३७ मिनिटांचा सलग शॉट आधी भोंगळ वाटतो. नंतर कळतं की तो शॉट पडू नये म्हणून कॅमेऱ्याच्या पुढे-मागे एक बाप, त्याची बायको आणि मुलगी जिवाचं रान करत होते. शेवटच्या शॉटसाठी क्रेन उरत नाही, म्हणून माणसांवर माणसं चढतात आणि वर बापाच्या खांद्यावर मुलगी. तंत्र आणि नातं इथे वेगळं काढताच येत नाही.

याउलट ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ कल्पक आहे, पण मुलाखतींच्या सोयीवर जगतो. ‘झोंबिवली’ने टॉवर आणि वस्ती समोरासमोर आणली आणि मग पळापळीत दोन्ही विसरली.

‘प्रेक्षकांना हेच लागतं’ हे उत्तर मला मान्य नाही. निदान मराठी प्रेक्षकांच्या बाबतीत तर मुळीच नाही. वगनाट्यापासून ‘टुरटुर’पर्यंत आपण रंगमंचावर सगळी माणसं एकाच वेळी बघत हसायला शिकलो. बोलणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्याकडे बघायला शिकलो. ‘झपाटलेला’ (१९९३) आजही पुन्हा बघवतो तो त्यामुळेच. रामदास पाध्यांचा बोलका बाहुला खरोखर लक्ष्मीकांत बेर्डेंसमोर असे. लक्ष्याची भेदरलेली नजर हवेत शोधत फिरत नाही, त्या बाहुल्याच्या चेहऱ्यावर जाऊन आदळते. माणूस आणि बाहुला यांच्यात नातं तयार होतं, कारण दोघं एका जागी आहेत. महेश कोठारेंचा कॅमेरा काही राइटइतका हुशार नाही, पण त्याने ही जागा मोडली नाही.

आज ती रोज मोडली जाते. ‘स्त्री २’मध्ये वरुण धवनचा भेडिया येतो, अक्षय कुमार येतो. त्यांचं नातं चंदेरीच्या पोरांशी कमी आणि आधीच्या नि पुढच्या चित्रपटांशी जास्त आहे. याला ‘युनिव्हर्स’ म्हणतात. माझ्या मते हा नात्यांचा बाजार आहे, कारण पडद्यावरच्या माणसांना एकमेकांची ओळख पटण्याआधी प्रेक्षकांनी पाहुण्याला ओळखून शिट्टी मारावी अशी त्याची अपेक्षा असते. ‘मुंज्या’त सुहास जोशींची आजी आणि बिट्टू यांच्यात जो जिव्हाळा जाणवतो तो त्या नटांचा आहे. दिग्दर्शकाने तो टिपायला थोडं थांबायला हवं होतं, तर तो पुढच्या पाठलागाकडे धावला.

राजकुमार राव, पंकज त्रिपाठी, अपारशक्ती खुराना, अभिषेक बॅनर्जी. ‘स्त्री २’च्या या चौघांना एका चौकटीत उभं करून दोन मिनिटं कट करू नका, भीती एकाच्या चेहऱ्यावरून दुसऱ्याच्या चेहऱ्यावर जाताना दिसू द्या. कोण कोणाच्या आड लपतो आणि कोणाला पुढे ढकलतो हे बघू द्या. त्याला व्हीएफएक्सचा एक रुपयाही लागत नाही. ज्यांच्याकडे असे नट आहेत आणि तरी जे एकेकाचं डोकं वेगळं कापून दाखवतात, त्यांच्या तिकीटबारीच्या आकड्यांचं कौतुक मी का करावं?